परतीचा शॉट

२ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! सहा तासांची बस, खारूच्या दोन उलट्या, आणि "अजून किती राहिलं?" हा प्रश्न किती वेळा, ते विचारूच नका. पण गाव दिसलं आणि सगळा शीण गेला. नदीच्या वळणावर पंचवीस-तीस दगडी घरं, एक शाळा, एक दवाखाना आणि अगदी टोकाला ती पाणचक्की. खारूने बसच्या काचेला नाक चिकटवून जाहीर केलं की हे गाव टीव्हीतल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, बाईसाहेब, हे टीव्हीतलंच गाव आहे.

खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षे सहा. दोन्ही गालांत घास साठवून घरभर हिंडते, म्हणून खारू. तिचे बाबा पुलाच्या कामावर परगावी गेलेत, त्यामुळे शूटिंगला तिला पहिल्यांदाच बरोबर आणलंय. तीन आठवड्यांचं काम आहे. शाळेच्या बाईंनी रजा दिली, पण वर अभ्यासही दिला.

माझं काम कंटिन्युटीचं. शॉट कधीच क्रमाने घेत नाहीत, आधी शेवट, मग मधलं, मग सुरुवात. नट आज डाव्या हातात छत्री घेऊन दाराबाहेर पडला असेल, तर चार दिवसांनी घेतलेल्या आतल्या शॉटमध्ये ती डाव्याच हातात हवी. कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, कपात चहा किती उरला होता, सगळं माझ्या वहीत असतं. नवरा म्हणतो, हिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, तीन वर्षांपूर्वी मी काय बोललो ते तर हिला आठवतंच, तेव्हा अंगात कुठला शर्ट होता तेही आठवतं.

राहायला माडीवरची खोली मिळालीय. खिडकीतून नदी दिसते. घरमालकीणकाकू साठीच्या, एकट्याच राहतात, आणि बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. खारूला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मलाच बरं वाटलं. जेवताना तिला मांडीवरच घेतलं. माझा जीव भांड्यात पडला, लेकीची सोय झाली.

३ नोव्हेंबर

काम सुरू झालं. मालिका लहान मुलांची, पण मोठी माणसंही चोरून बघतात. गोष्ट अशी की गावातलं एक मूल पाणचक्कीत शिरतं आणि नाहीसं होतं. आत एक न दिसणारा चक्कीवाला आहे, तो त्या मुलाची सगळ्यांच्या मनातली आठवण दळून टाकतो. आईबापही म्हणतात, आम्हाला कुठे मूल होतं? फक्त चार दोस्तांना संशय येतो, कारण वस्तू उरतात. एक बूट, एक पाटी. मग शोधाशोध, आणि शेवटच्या भागात मूल चक्कीतून बाहेर येतं. दरवर्षी नाहीसं होणारं मूल नवं, बाकी सगळे तेच. यंदाचं हे पाचवं वर्ष, आणि पाचही वर्षं शूटिंग याच गावात.

माझी नजर काही सुट्टी घेत नाही. काकूंच्या दाराशी दोन खुंट्या आहेत. एक माणसाच्या उंचीला, दुसरी माझ्या कमरेशी. एवढ्या खाली खुंटी कशाला, असं विचारलं तर काकू तिच्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत राहिल्या. चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, एकीवर एक, माझ्या छातीपर्यंत. सुताराच्या असतील म्हणाल्या. शाळेत बाकं नऊ आणि मुलं सात. शिक्षिका म्हणाल्या, पहिल्यापासून असंच आहे.

आणि एक गंमत. चार वाजता शाळेची घंटा झाली की काकूंच्या डोळ्यांना धार लागते. दहा मिनिटांत थांबते. गावात आणखी एका बाईला हाच त्रास आहे. डॉक्टर म्हणतात हवेत धूळ आहे, आणि थेंब देतात. मी हे दिग्दर्शकांना सांगितलं तर म्हणाले, कंटिन्युटीवाल्यांनी आधी स्वतःला दाखवून घ्यावं.

५ नोव्हेंबर

खारूचा समोरचा दात हलायला लागलाय. दिवसभर जिभेने ढकलत बसते. बाबांचा रोज जेवणाच्या सुट्टीत फोन येतो, त्यांना तिने दाताची बातमी पंधरा मिनिटं दिली. मला बोलायला दोन मिनिटं उरली.

युनिटमध्ये दिवेवाले काका आहेत, पहिल्या वर्षापासूनचे. त्यांचा एक हट्ट सगळे पाळतात. मूल नाहीसं होण्याचा शॉट घेण्याआधी ते परत येण्याचे शॉट घ्यायचे. त्याच दिवशी, आधी. परतीचे शॉट दोन असतात. पहिल्यात मूल चक्कीच्या दारातून बाहेर येऊन आईचा हात धरतं. दुसऱ्यात आई त्याला ओळखते, कडेवर घेते, आणि गाव गोळा होतं. हे दोन्ही झाले की मगच काका नाहीसं होण्याच्या शॉटचे दिवे लावतात. दिग्दर्शक म्हणतात, काकांशी वाद घालण्यापेक्षा शॉट घेतलेला परवडला.

मी कारण विचारलं. काकांनी पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "परतीचे शॉट आधी. विसरू नकोस." कधी लिहिलं, का लिहिलं, त्यांना आठवत नाही. पहिली दोन वर्षं ते शॉट शेवटी घ्यायचे आणि तेव्हा मूल गावातलंच घ्यायची पद्धत होती, एवढंच माहीत आहे. सांगता सांगता म्हातारा वायरी गुंडाळायला लागला. मला उगाच विचारलं असं वाटलं.

७ नोव्हेंबर

नाहीशी होणारी मुलगी म्हणून जिला आणलं होतं तिला गालगुंड झालं. एकीकडून गाल असा फुगला की कॅमेरा लावायची सोय नाही. दिग्दर्शक हात चोळत माझ्यापाशी आले. खारू चालेल का, म्हणाले. संवाद एकही नाही, दारात जायचं आणि दारातून यायचं. मी आढेवेढे घेतले, पण आतून फुलून गेले होते, लपवायचं कशाला? खारूने लगेच काकूंना सांगितलं की उद्या मी नाहीशी होणार आहे. काकूंनी तिचा पापा घेतला.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस माझा! आणि खारूचा.

सकाळी परतीचे दोन्ही शॉट झाले. मालिकेतली आई चक्कीसमोर हात पुढे करून उभी, आणि आतून माझी लेक बाहेर येते. लाल फ्रॉक, डाव्या वेणीची फीत सुटलेली, केसांना पीठ. दुसऱ्या शॉटमध्ये तिला कडेवर घेतलं तेव्हा ती इतकी खरी हसली, की सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मी मेली डोळे पुसत होते, वहीत दोन ओळी लिहायच्याच राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत तिने सफरचंदाचा चावा घेतला आणि दात हातात आला. अख्खं युनिट डोक्यावर घेतलं. तीन वाजता नाहीसं होण्याचा शॉट. ती पायरीवर उभी राहते, मागे वळून माझ्याकडे — म्हणजे कॅमेऱ्याकडे — बघून हसते, आत जाते. पुढच्या शॉटमध्ये तीच चौकट, रिकामी पायरी. एका टेकमध्ये झाला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. आत जाताना दात नाही, आणि बाहेर येताना आहे! पडलेला दात चक्कीत उगवला की काय? लाखो पोरं बघणार, आणि पोरांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी तडक दिग्दर्शकांना गाठलं. ते म्हणाले, शाबास, तू नसतीस तर आपली शोभा झाली असती. परतीचे दोन्ही शॉट रद्द, उद्या सकाळी नव्याने घ्यायचे. वहीत मीच त्यांच्यावर लाल रेघ मारली. कार्डवर जागा हवी होती, म्हणून ते तिथल्या तिथे पुसलेही.

दिवेवाले काका तीनचा शॉट होताच सुटे भाग आणायला तालुक्याला गेले होते. संध्याकाळी आल्यावर त्यांना कळलं. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. आत्ताच्या आत्ता घ्या म्हणून दिग्दर्शकांच्या हातापाया पडायला लागले, पण उजेड कधीच गेला होता. माझ्यावर तर ओरडलेच. दाताने काय जगबुडी होणार होती, म्हणाले. मला वाईट वाटलं. पण काम म्हणजे काम.

९ नोव्हेंबर

सकाळपासून धुकं, म्हणून शॉट नाही.

एक विचित्रच झालं. नाश्त्याला काकूंनी दोनच अंडी उकडली, एक त्यांचं, एक माझं. खारू समोर बसली होती. मी आठवण करून दिली तेव्हा दचकल्या, हो की गं म्हणाल्या, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिच्या पाटावर कपड्यांची घडी ठेवली. तिच्या मांडीवरच ठेवली.

सेटवर कुणी तिच्याशी बोललं नाही. खारूला वाटलं, सगळे मिळून तिची फिरकी घेताहेत. मला कानात विचारलं की आई, माझ्यावर राज्य आलंय का. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

दुपारी नवऱ्याचा फोन आला. वीस मिनिटं बोलला, माझ्याशीच. तिला देऊ का विचारलं, तर "कुणाला?" म्हणाला.

मी हसले. मग फोन ठेवून पायरीवर बसले.

१० नोव्हेंबर

खारू नाही.

सकाळी सातला तिची वेणी घालत होते. फीत खाली पडली म्हणून वाकले. वर बघते तर हातात काही नाही. खोलीचं दार आतून बंद. खिडकी बंद.

गावभर धावले. चक्कीत गेले, आत दगड आणि कोळिष्टकं, बाकी काही नाही. दिग्दर्शकांनी मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, कुठली मुलगी? म्हणाले, ती भूमिका तर गालगुंडवालीची, ती बरी झाली की तिचा शॉट घेऊ. मी म्हटलं परवाचा शॉट बघा. त्यांनी लावला. रिकामी पायरी आहे. सुरुवातीपासून रिकामी पायरीच आहे.

नवऱ्याला फोन केला. तो फार मऊ आवाजात म्हणाला की आपण ठरवलं होतं ना, मूल नको म्हणून. तू नीट जेवतेस का?

देवा, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं.

११ नोव्हेंबर

चार वाजता घंटा झाली. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. थेंबांची बाटली शोधत होत्या, आणि मला सगळं एकदम कळलं. धूळ नाही हो. शाळा सुटते तेव्हा कुणीतरी या घरी धावत यायचं. खालच्या खुंटीवर दप्तर अडकवायचं. चौकटीवर त्याची उंची काकूंनीच मापलेली, दर वाढदिवसाला. त्यांच्या मनाला माहीत नाही, पण डोळ्यांना माहीत आहे.

मी त्यांना मिठी मारून रडले. त्याही रडल्या, आणि मग विचारलं की आपण कशाला रडतोय.

दिवेवाल्या काकांकडे गेले. त्यांनाही खारू आठवत नाही. पण त्यांनी कागद काढून वाचला, आणि म्हणाले की मला आठवत नसलं तरी हे अक्षर माझंच आहे, आणि मी उगाच काही लिहीत नाही. शॉट आपण घेऊ, म्हणाले. परवा रविवार, युनिटला सुट्टी. कॅमेरा मी आणतो, दिवे माझेच आहेत. आईच्या जागी तू उभी राहा.

परवापर्यंत मला आठवलं पाहिजे. बस, एवढंच.

१२ नोव्हेंबर

कामाच्या वहीसारखं लिहून ठेवते. हीच तिची कंटिन्युटी.

उजव्या गुडघ्यावर व्रण, सायकलवरून पडली तेव्हाचा. कानामागे तीळ — डाव्या. घास गालात ठेवते. झोपताना माझा अंगठा धरते, स्वतःचा नाही. "स्वयंपाकघर" म्हणता येत नाही, "सयपाकघर" म्हणते. घाबरली की हसते. मी ओरडले की आधी बाबांकडे बघते. तिला

तिला कुठला रंग आवडतो? लाल फ्रॉक होता. पण तो तर मालिकेचा.

केस सरळ की कुरळे? मी वेणी घालायचे. रोज घालायचे.

चार वाजता माझ्याही डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी थेंब दिले. मी बाटली नदीत फेकली.

१३ नोव्हेंबर

घेतला. पहिला घेतला!

मी चक्कीसमोर हात पुढे करून उभी. काका कॅमेऱ्यामागे. बराच वेळ काही नाही. मग हातात काहीतरी आलं. गार. लहान. पाच बोटं. माझा अंगठा धरला —

काकांना कॅमेऱ्यात काही दिसलं नाही. मला पण नाही. पण धरला होता. शपथ.

दुसरा शॉट राहिला. ओळखीचा. त्यात मुलाला कडेवर घ्यायचं असतं आणि गाव लागतं. काका घरोघर बोलवायला निघाले, तेवढ्यात दिग्दर्शक आले. कॅमेरा काढून घेतला. काकांना पहिल्या बसने घरी पाठवलं. मला म्हणाले, विश्रांती घे.

पहिला झालाय. ती येईल. पण ओळखायचा शॉट — तो झाला नाही.

मी ओळखीन. शॉट नसला तरी. आईला शॉट कशाला लागतो?

१४ नोव्हेंबर

उजव्या हाताची मूठ वळलेली आहे. उघडवत नाही. का ते —

खारू. खारू. खारू. खारू माझी

गालात घास. अंगठा. व्रण कुठल्या

कुणीतरी यायचं आहे. मी दारात बसलेय. कोण ते विचारू नका, मला माहीत आहे, आत्ता होतं

१५ नोव्हेंबर

बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मागची पानं चाळली. अक्षर माझंच, पण कुठल्याशा गोष्टीचा मसुदा दिसतो. वाचताना गलबलून आलं. लेखकाला दाखवायला हवा. फक्त ती आई फार रडते, थोडं कमी करावं.

१६ नोव्हेंबर

सकाळचे नऊ. सेटवर जायची घाई. दारात एक मुलगी येऊन उभी आहे. पाच-सहा वर्षांची, केसांना पीठ लागलेलं. गावातली दिसते. कुणाची ते काकूंनाही माहीत नाही.

मला बघून पळत आली आणि कमरेला मिठीच मारली. आई म्हणते. चुकली असेल बिचारी. हलक्या हाताने सोडवलं, म्हटलं, बाळा, घरी जा, तुझी आई शोधत असेल.

तर ती हसली. आणि मग रडायलाच लागली. आई, आता माझ्यावर राज्य नको, म्हणाली.

काहीतरी खेळ असेल त्यांचा. इतक्या लहान पोरीला एकटं सोडते, कसली आई असेल! वेळ नाहीये, तरी खाली जाऊन बघते. पायरीवर बसलीय अजून, वर माझ्याच खिडकीकडे बघत. आता उठली. नदीच्या बाजूला चाललीय, चक्कीकडे. हाक मारायला हवी, पण काय म्हणून हाक —